कावळ्याला दिलेला शब्द

भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या खारघरच्या सोसायटीत कावळ्यांना भाव येतो. एरवी त्यांना कुणी विचारत नाही. वॉचमन काठी आपटून हाकलतो, एसीच्या बाहेरच्या डब्यावर घरटं केलं तर सेक्रेटरी लगेच ग्रुपवर फोटो टाकतो. पण पितृपक्ष आला की हीच माणसं आंघोळ करून, ओल्या केसांनी गच्चीवर पानं मांडतात आणि 'काव काव' करत आभाळाकडे बघत उभी राहतात. सहाव्या मजल्यावरचे गृहस्थ तर चक्क हात जोडतात. त्यांचे वडील होते तेव्हा लिफ्टमध्ये सगळ्यांदेखत ते त्यांना 'कळत नसेल तर बोलू नका' म्हणायचे. आता कावळ्याला 'अहो, या ना' म्हणतात. कावळे मात्र इतक्या पानांनी माजलेले असतात. एखादा वडा उचलतात, खिरीला चोच लावतात आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी बापाच्या पानावर जाऊन बसतात.

मला हा पंधरवडा आवडत नाही, आणि ते मी लपवतही नाही. ऊन पडतं, मध्येच सर येते, डोंगर अजून हिरवे असतात, घराघरांतून वडे तळल्याचा वास येतो आणि त्या वासाच्या खालून मला दुसराच वास यायला लागतो. भिजलेल्या सॅकचा, डिझेलचा, माशांच्या आंबवलेल्या पाण्याचा. काही वर्षांपूर्वी याच दिवसांत मी पाठीवर सॅक टाकून एकटी व्हिएतनाममध्ये हिंडत होते. माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे दिवस तेच. त्यांचं नाव काढलं की आमच्या घरात अजून सगळे खाली बघतात.

हे सगळं आबांपासून सुरू झालं. आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव जुईनगर स्टेशनच्या मागे. गाव म्हणजे आता चिकटून उभ्या राहिलेल्या बिल्डिंगांमधली एक गल्ली, पण आम्ही गावच म्हणतो. घरची होडी खाडीत होती, तरी आबा लागले न्हावा शेव्याला, कंटेनरच्या यार्डात चेकर म्हणून. आलेल्या कंटेनरचा नंबर बघायचा, सील शाबूत आहे का तपासायचं आणि पुढे सोडायचं. कंटेनरला ते खोका म्हणत. संध्याकाळी चहा पिता पिता आज कुठले खोके आले ते मला सांगायचे. बुसान. कोलंबो. हायफाँग. इतर मुलींना बाप राजाराणीच्या गोष्टी सांगतात, मला माझ्या बापानं बंदरं सांगितली. स्वतः गोव्याच्या पुढे कधी गेले नाहीत. त्यातल्या त्यात हायफाँगवर त्यांचा फार जीव. ते व्हिएतनामात आहे एवढंच त्यांना माहीत होतं. नुसतं म्हणायला आवडत असावं. तोंड भरून म्हणायचे.

नोकरी लागल्यावर मी रजा साठवली आणि जायचं ठरवलं. तिकडे तेव्हा पावसाळा, म्हणून तिकीट स्वस्त, आणि ऑफिसात त्या दिवसांत रजा मागणारं दुसरं कुणी नाही. माझ्या खिशाला परवडणारे तेवढेच दिवस होते. नामाकाका, म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, ऐकून उसळलाच. "पितरांचे दिस हायत. या दिसांत मानूस नवी चप्पल घेत नाय, नि ही परदेशात चालली. ती पन एकटी!"

आबा बशीत चहा ओतत होते. "रिकामे खोके जगभर फिरतात," ते म्हणाले, "त्यांना कोनी अडवत नाय. मी पोरीला कशाला अडवू?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हायफाँगची क्रेन बघून ये. आपल्यापेक्षा मोठी हाय का, ते मला दाखव."

आईनं सुका जवळा भाजला, लसूण-मिरची घालून त्याची कोरडी चटणी केली आणि डबा भरून माझ्या सॅकमध्ये सारला. मी त्यालाच तिची परवानगी समजले.

कमी पैशांत एकटीनं फिरण्यात फार मजा असते असं जे लोक सांगतात, ते घरी परत येऊन, पोटभर जेवून, पंख्याखाली बसून सांगतात. हनोईला उतरले तेव्हा पाऊस कोसळत होता. सगळ्यात स्वस्त म्हणून जिथं खाट ठरवली होती तिथल्या मालकिणीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खाट नाही म्हणून सांगितलं. मी फोनवरचं बुकिंग दाखवलं, तरी नाही. मी दारातच सॅकमधलं पाणी पिळत बसले होते तेव्हा मागून आलेल्या एका गोऱ्या पोराला तिनं हसून वर नेलं. शेवटी दुसऱ्या एका हॉस्टेलात संडासाला लागून असलेली खाट मिळाली. तिथं पहिल्या संध्याकाळी चटणीचा डबा उघडला आणि खोलीतल्या पोरींनी नाकाला टॉवेल लावले. गंमत म्हणजे बाहेर रस्त्यावर सगळा देश माशाचं पाणी भातावर ओतून जेवत होता. नाकं मुरडणाऱ्या या सगळ्या माझ्यासारख्याच बाहेरून आलेल्या होत्या. एक जण म्हणाली, हे बाहेर नेऊन खाशील का, प्लीज. प्लीज म्हणाली, म्हणजे सभ्यच होती. मग मी रोज जिन्यात बसून त्यांच्या लांबट कडक पावात आईची चटणी घालून खायचे. ती पुरवून पुरवून खायची असल्यामुळे पोटात सतत कावळे कोकलत असायचे.

चुकीच्या बसमध्ये बसले. कंडक्टरनं भलत्याच गावात उतरवलं आणि दार लावून घेतलं. ओल्या मोज्यांनी पायाची सालं निघाली. ताप आला तेव्हा खाटेवर पडून राहिले, आणि शेजारच्या पोरीनं फक्त तिची खाट बदलून मागितली. माझं कुणाला काही पडलेलं नव्हतं. आणि हेच मला किती आवडत होतं ते मी आजपर्यंत कुणाला सांगू शकलेले नाही. आमच्या गल्लीत मी शिंकले तर तीन घरांतून काढा येतो. तिथं मी मेले असते तरी सकाळी चादर बदलली असती, बस. असं सुटं सुटं मला जन्मात वाटलं नव्हतं.

निन्ह बिन्हला एक दिवस भाड्याची सायकल घेतली. दोन्ही बाजूंना भाताची शेतं, पाणी तुडुंब भरलेलं. आबा सांगायचे तशी. आमच्या गावाभोवतीही अशीच शेतं होती म्हणे, आता तिथं सेक्टर आहेत. पाऊस आला, बांधावरून सायकल घसरली आणि मी सॅकसकट चिखलात आडवी झाले. शेतात वाकलेली एक बाई उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि पोट धरून हसायला लागली. तिचं बघून मीही. आम्ही दोघी पावसात उभ्या राहून हसत होतो, एकमेकींचा शब्दही कळत नव्हता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

त्या दुपारी जुईनगरला आबा गेले. ओट्यावर बसल्या बसल्या, हातात बशी असताना. मी चिखलात हसत होते तेव्हा नामाकाका त्यांना रिक्षात घालत होता. हे मी नंतर तारखा आणि वेळा जुळवून काढलं. मला काही जाणवलं नाही. छातीत धडधडलं नाही, डोळा लवला नाही. आपलं माणूस जाताना चाहूल लागते असं कुणी म्हणालं की मला त्याचा फार राग येतो.

मला कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे ही रीतच आहे. लांब गेलेल्या माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत. परक्या मुलखात कोण सावरणार, कोण पाणी देणार, म्हणून आधी 'जरा बरं नाही' म्हणतात आणि खरं काय ते उंबऱ्यात आणून सांगतात. आखातात गेलेल्या पोरांना असंच सांगतात, सासरी गेलेल्या मुलींनाही. हे सगळं मायेपोटी. आणि मायेपोटी कुणी तुमच्या मानेवर सुरी फिरवली तरी तक्रार करायची सोय नसते.

तर काका म्हणाला, आबांचा घसा बसलाय, डॉक्टरनं बोलायचं नाही सांगितलंय. आई म्हणाली, हो गो, आवाजच फुटत नाही. ती रडत होती, मी म्हटलं सर्दी झाली का. मी आबांना व्हॉइस मेसेज पाठवत राहिले. निन्ह बिन्हच्या चिखलाची गोष्ट हसत हसत, खिदळत सांगितली. ती कुणीतरी ऐकल्याची खूण यायची. कुणी ऐकली ते मी अजून विचारलेलं नाही.

शेवटी हायफाँग. बंदराच्या आत माझ्यासारखीला कोण सोडणार? मी नदीच्या अलीकडच्या काठानं चालत राहिले आणि एका वळणावर त्या दिसल्या. आबांच्या क्रेन. निळ्या, उंच, पावसात भिजलेल्या. मी व्हिडिओ कॉल लावला. काकानं उचलला. घरात बसलेला, पण डोक्यावर टोपी, आणि मिशी गायब.

"काका, टोपी कसली? इलेक्शनला उभा राहतोस काय? आणि मिशी कुठं गेली?"

"गरम व्हतंय गो."

"बरा दिसतोस. तरुण दिसतोस! आबांना उठव, क्रेन दाखवायच्यात."

"झोपलाय तो. गोळी घेतलीय त्यानं."

"मग फोन त्यांच्या उशाशी ठेव. निदान भोंगा ऐकू दे."

काकानं फोन कुठंतरी ठेवला. स्क्रीनवर आमच्या घराचं छत आलं, बंद पंखा आला. मी त्या छताला बराच वेळ क्रेन दाखवल्या. मागे जहाजाचा भोंगा झाला तेव्हा फोन उंच धरला. "आबा, आपल्यापेक्षा मोठ्या नाहीत हो!" मी ओरडून सांगितलं. "सारख्याच आहेत!" तिकडे कुणीतरी हुंदका दिल्यासारखं वाटलं. मी विचारलं. काका म्हणाला, शेजारचा टीव्ही हाय. त्या दिवशी आबांचं दहावं होतं. काका नुकताच खाडीवरून डोकं भादरून आला होता.

विमानतळावर तोच घ्यायला आला, त्याच टोपीत. वाशीचा पूल येईपर्यंत मीच बोलत होते. हायफाँगच्या बाजारातून त्यांचा वाळवलेला जवळा आणला होता, आपल्यापेक्षा खारट आहे, आबांना चव दाखवायची, वगैरे. काका खिडकीबाहेर बघत होता. गल्लीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. मला बघून त्यांनी एकदम पदर तोंडाला लावले, तेव्हा कळलं. दूधवाल्याला माहीत होतं, स्टेशनबाहेरच्या भाजीवालीला माहीत होतं. माझा बाप मेलाय हे फक्त मला माहीत नव्हतं. मी उंबऱ्यातच बसले. आणि माझ्या खांद्यावर पडलेला पहिला हात काकीचा होता, तो सॅक काढून घ्यायला. "सुतकात सुकी मच्छी आनली घरात! काय वास मारतेय!" तिनं सॅक नेऊन मोरीमागे ठेवली. रात्रीतून मांजरांनी ती फाडली. आबांना दाखवायचा जवळा त्यांनी संपवला.

दहाव्याची हकीगत मला पहिल्याच दिवशी इतक्या जणांनी सांगितली की ती मी स्वतः पाहिल्यासारखी आठवते. खाडीच्या काठावर पिंड ठेवला. कांदळाच्या झाडांवर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. आता माणसाची काहीतरी इच्छा राहिली म्हणायचं आणि जवळच्यांनी एकेक शब्द देऊन बघायचा, ही आमच्याकडची पद्धत. काका म्हणाला, वहिनीला सांभाळू. नाही आला. होडी विकनार नाय. नाही आला. भटजींना पुढे अजून दोन ठिकाणी जायचं होतं. मग काकानं हात जोडून मोठ्यानं सांगितलं, पोरीचे हात वर्षाच्या आत पिवळे करू, नि परत तिला एकटीला कुठं जाऊ देनार नाय. आणि कावळा आला. सगळ्या गावानं बघितलं. बायका सांगताना हातावर आलेला काटा दाखवायच्या. "तुझ्यातच जीव अडकला व्हता गो त्याचा."

माझा कावळ्यावर विश्वास नाही. पण आबांवर होता, आणि तिथंच मी अडकले. ज्या माणसानं मला बंदरं शिकवली, जा म्हणाला, क्रेन बघून ये म्हणाला, त्याच्या मनात शेवटी हे होतं तर. मला दुःखाआधी राग आला. तो राग घेऊनच मी बोहल्यावर चढले. घरात कुणी गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं असतं, त्यामुळे सगळी घाई होतीच. नवरा वाईट नाही, हे मला वरचेवर सांगावं लागतं. खारघरला फ्लॅट, नोकरी चांगली, आवाज चढवत नाही. एकदा मी लाओसचं तिकीट बघत होते तर म्हणाला, "अगं, आबांना शब्द दिलाय ना?" त्यानं ते फार हळुवारपणे म्हटलं. त्यानंतर मी तिकिटं बघणं सोडलं. मोरीमागची ती सॅक शिवून घेतली होती, ती माळ्यावर आहे आणि तिच्यात दिवाळीच्या लाइटच्या माळा राहतात. पासपोर्टची मुदत संपली तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आबांची तिथी याच पंधरवड्यातली. दरवर्षी मी पान वाढते आणि दरवर्षी मनात त्यांच्याशी भांडते. खीर वाढताना म्हणते, घ्या, गिळा. लोकांचे बाप जिवंतपणी अडवतात, तुम्ही मेल्यावर अडवलंत. बापावर इतकी वर्षं चिडून राहणं सोपं नसतं. त्याची आठवण काढायची सोय राहत नाही. हायफाँग हा शब्द मी तोंडाने उच्चारणं बंद केलं होतं.

यंदाही पान घेऊन गच्चीवर गेलो, मी आणि आई. काकाच्या सुनांशी पटेना म्हणून आई आता माझ्याकडेच असते. तिला शुगर आहे, डॉक्टरांनी उपाशी राहू नका म्हणून बजावलंय, पण आबांच्या दिवशी कावळा शिवेपर्यंत ती पाण्याशिवाय काही घेत नाही. दुपार झाली होती. शेजारची पानं रिकामी झाली, सहाव्या मजल्यावरचे गृहस्थ समाधानानं खाली गेले. आमचं पान तसंच. आईनं वड्यांच्या आड लपवून जवळ्याची चिमूट ठेवली होती, सोसायटीत कुणाला दिसू नये म्हणून. ऊन भाजत होतं.

"सांग त्यांना," मी आईला म्हटलं, "सगळं पाळलंय म्हणावं. लग्न केलं, घरात बसले, पासपोर्ट संपला. अजून काय पाहिजे त्यांना?"

आई कठड्याच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. पदरानं वारा घेत म्हणाली, "त्याला ते नकोच व्हतं."

"काय नको होतं?"

"नामाचं बोलनं. नामा बोलला तवा कावळा जागचा हलला पन नाय. नामा भटाकडं गेला दर्भ मागायला, दर्भाचा कावळा करून शिवू म्हनून. तवा मी मागं उभी व्हते. मी बोलले. पोरीला फिरू दे, मी आड येनार नाय. हळूच बोलले, कोनी ऐकलं नाय. नि लगेच आला बघ तो. लोकांना वाटलं नामाच्या बोलन्यानं आला."

ती आपली पानावरची माशी वारत होती.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू गेली असतीस," आई म्हणाली. "तो गेला, तू पन गेली असतीस. मी एकटी त्या घरात काय करनार व्हते? जाऊ दे आता. झालं ते झालं. तुझा संसार चांगला चाललाय."

म्हणजे आबांनी अडवलं नव्हतं. त्या खाडीच्या काठावरही ते मला जा म्हणत होते, आणि मी त्यांना दरवर्षी या गच्चीवर येऊन शिव्या घातल्या. पानात वाढून, वर शिव्या. माझा नवरा, माझं घर, माळ्यावरची सॅक, हे सगळं एका बाईच्या गप्प बसण्यावर उभं होतं, आणि ती बाई माझ्यासमोर बसून पदरानं वारा घेत होती. माझा बाप दोनदा गेला. पहिल्यांदा तो माझ्यापासून लपवला, दुसऱ्यांदा काढून घेतला.

तेवढ्यात टाकीवर एक कावळा येऊन बसला. मोठा, मानेला राखाडी. मान वाकडी करून पानाकडे बघायला लागला. आईचा चेहरा उजळला.

"आला गो! तू बाजूला हो. तुला बघून खाली येत नाय तो."

मी पानाजवळ उभी होते. माझी सावली खिरीवर पडली होती.

"बाय, सर ना. शिवू दे त्याला. मला गरगरायला लागलंय."

कावळा टाकीच्या कडेवर दोन पावलं पुढे आला, माझ्याकडे बघून थांबला. आईनं खुर्चीचा हात घट्ट धरला. तिची बोटं थरथरत होती, ओठ सुकले होते, कपाळावर घाम फुटला होता. हे सगळं मला नीट दिसत होतं.

मी पानाजवळून हलले नाही.